टोपी-टॉवेल आणि लिव्हरपूल

इंग्लंडात 1571 साली टोपीचा कायदा झाला होता. सहा वर्षांवरच्या प्रत्येकानं रविवारी आणि सणावारी डोक्यावर लोकरीची, देशातच बनलेली टोपी घालायची. नाही घातली तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. सरदार आणि बडे जमीनदार यातून वगळले होते, कारण दंड भरायला कुठल्याही देशात गरीबच लागतात. टोप्या बनवणाऱ्यांचा धंदा बसत चालला होता, म्हणून हा उपद्व्याप. पण 1597 मध्ये कायदा रद्द झाला आणि पुढे तिथल्याच कामगारांनी कुणीही न सांगता टोप्या घातल्या. 1923 च्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीवर पहिली एफए कप फायनल झाली, तिचे फोटो बघा. मैदानात घुसलेल्या त्या अफाट गर्दीत उघडं डोकं शोधावं लागतं. जिकडेतिकडे चपट्या कापडी टोप्या, आणि मधे गर्दी हटवणाऱ्या पोलिसाचा पांढरा घोडा.

म्हणजे इंग्रजाला टोपी घाल म्हटलं की तो घालत नाही आणि कुणी काही म्हटलं नाही की हटकून घालतो. मी खान्देशी माणूस. मला घाल असं कुणीच म्हटलं नव्हतं. घालू नका म्हणणारे मात्र आमच्या ओट्यापासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत पसरलेले होते.

मी जळगावात शाळेत भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून या माणसाला अक्षांश-रेखांश कळतात की नाही, अशी शंका तुम्हाला येणार आहे. कळतात. लिव्हरपूल 53 अंश उत्तरेला आहे, जळगाव 21 अंशांवर. तिकडे जूनमध्येही स्वेटर हाताशी ठेवतात. इकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की माणसं खिशात कांदा ठेवून, डोक्याला बागायतदार रुमाल गुंडाळून, भिंतीच्या सावलीसावलीनं चालतात. हे सगळं मी फळ्यावर नकाशा काढून पोरांना शिकवलेलं आहे.

लिव्हरपूल माझ्या आयुष्यात 2005 च्या मे महिन्यात आलं. इस्तंबूलची फायनल. मध्यंतरालाच एसी मिलान तीन-शून्यानं पुढे. मी झोपायला उठलो होतो, पण केबलवाल्याचं बिल त्याच दिवशी भरलेलं असल्यामुळे पुन्हा बसलो. लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तिन्ही गोल फेडले आणि पेनल्टीवर कप नेला. तेव्हापासून मी त्यांचा. त्यांना हे ठाऊक नाही, पण जळगावात ठाऊक आहे. ‘सर ते इंग्लंडचं काहीतरी बघतात रात्रीचं’ असं कॉलनीत बोललं जातं, आणि त्या वाक्याचा सूर मला कधीच आवडलेला नाही.

टोपीचं खूळ डोक्यात घातलं माझ्या भाच्यानं. तो पुण्यात आयटीत आहे. 2022 च्या फेब्रुवारीत तो आला, तेव्हा मी मोठ्या हौसेनं माझा लाल मफलर काढून दाखवला. त्यानं तो दोन बोटांत धरला आणि म्हणाला, “मामा, मफलर पर्यटक घालतात. स्टँडमधले खरे लोक क्लबचा रंग अंगावर येऊच देत नाहीत.”

मग त्यानं मला जे सांगितलं, ते मी पुढे खूप वाचून पडताळलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूलचा संघ दरवर्षी युरोपात खेळायला जायचा. 1977 ला रोममध्ये कप जिंकला, 1981 ला पॅरिसमध्ये. संघामागून पोरं जायची, रेल्वेनं, बोटीनं, जमेल तशी. बंदराचं शहर, गोदीतली कामं आटत चाललेली, खिशात फार काही नाही. पण इटली-फ्रान्स-जर्मनीच्या दुकानांत त्यांना इंग्लंडात न मिळणारे खेळाडूंचे कपडे दिसले. फिला, सर्जिओ टाकिनी, एलेस, लाकोस्त, आदिदासचे बूट. काही पोरांनी ते विकत घेतले. काहींनी नुसतेच घेतले. घरी परतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पोलिस धरतात ते क्लबचा मफलर बघून. टेनिस खेळून आल्यासारखा कॉलरवाला टीशर्ट घातलेल्या पोराला कुणी हटकत नाही. मँचेस्टरच्या पोरांनी फ्रेड पेरीचे टीशर्ट धरले. हा पेरी मजूर पक्षाच्या खासदाराचा मुलगा, 1934 पासून लागोपाठ तीनदा विम्बल्डन जिंकलेला. लंडनवाल्यांनी आणखी महाग काहीतरी धरलं आणि मग चढाओढच लागली. आज याची घडी तर उद्या त्याची.

टोप्यांची तर धमालच. एका हंगामात शेरलॉक होम्सच्या चित्रात दिसते ती, पुढे-मागे दोन्हीकडे चोच असलेली शिकाऱ्याची टोपी. मग गोंड्याची लोकरी टोपी. मग आयरिश मच्छीमारांची म्हणून सांगतात ती सगळीकडून उतरती काठ असलेली बकेट हॅट. मँचेस्टरच्या स्टोन रोझेस बँडच्या ड्रमरनं ती नव्वदच्या सुमारास अशी काही लोकप्रिय केली की ती अजून उतरायला तयार नाही. बर्बरीच्या चौकटीची कॅप इतकी बदनाम झाली की काही पबांनी ती घालून येणाऱ्यांना दार बंद केलं, आणि 2004 च्या सुमारास खुद्द कंपनीनंच ती कॅप विकणं थांबवलं. आपलाच माल लोक फार आवडीनं घालतात म्हणून दुकान बंद करणारा व्यापारी मी जळगावच्या सुवर्णबाजारात अजून पाहिलेला नाही.

या सगळ्याला दुसरी बाजू होती, तीही सांगायला हवी. त्या झकपक कपड्यांतली सगळीच पोरं मिरवायला येत नसत. मारामाऱ्या व्हायच्या, चाकू निघायचे. 1985 ला ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर 39 माणसं गेली. आणि 1989 ला हिल्सबरोला 97 लिव्हरपूलवाले चेंगरून गेले, ते मात्र कुणाच्या दंगेखोरीनं नव्हे. पोलिसांनी गर्दी हाताळताना केलेल्या गोंधळानं, असं ठरायला 2016 साल उजाडलं. हिल्सबरोनंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांवरच्या उभं राहायच्या पायऱ्या, म्हणजे टेरेस, काढून खुर्च्या बसवल्या. पायऱ्या गेल्या, कपडे राहिले.

भाच्याच्या मोबाइलवर मी त्या टोप्यांच्या किमती पाहिल्या. एका टोपीच्या पैशात रावेरला केळीची रोपं लावता आली असती, ठिबकसकट. तेव्हा अस्सल मालाचा विचार तिथेच सोडला आणि फुले मार्केट गाठलं. दुकानदार माझा माजी विद्यार्थी निघाला. जळगावात दुकानदार, रिक्षावाला, डॉक्टर आणि चोर यांपैकी कुणीही माझा माजी विद्यार्थी निघू शकतो, आणि या गोष्टीचा मी तेव्हा पुरेसा विचार केला नव्हता.

“सर, अंपायरिंग सुरू केलं का?” त्यानं विचारलं.

“फुटबॉलसाठी हवी आहे.”

“फुटबॉलच्या अंपायरला टोपी असते?”

गडद निळी, नायलॉनची, काठ खाली उतरलेली एक बकेट हॅट त्यानं आतून शोधून आणली. माझं डोकं मोठं आहे. ती बसवायला आम्ही दोघांनी जोर लावला. “घालून घालून सैल होईल भो, सर,” त्यानं धीर दिला. हे ‘भो, सर’ फक्त आमच्याकडेच मिळतं, सलगी आणि आदर एकाच दमात. कॉलरवाले दोन टीशर्ट घेतले, गळ्यापर्यंत बटणं लावायचे. आणि आठवड्यानं पुण्याहून भाच्याचं पार्सल आलं. आत गडद निळं जॅकेट आणि त्याच्या डाव्या बाहीवर दोन बटणांनी लावलेला बिल्ला. स्टोन आयलंड नावाच्या इटालियन कंपनीचा बिल्ला, अर्थात नकली. मासिमो ओस्ती नावाच्या माणसानं 1982 मध्ये ती कंपनी काढली, आणि इंग्लंडच्या स्टँडमध्ये त्या बिल्ल्याला आपल्याकडे सोन्याच्या अंगठीला असते तेवढी किंमत आली. बिल्ल्यावर होकायंत्र आहे. भूगोलाच्या मास्तराला याहून मोठा शकुन कोणता?

जॅकेट आलं तेव्हा मार्च संपत आला होता. ते अंगात घालून मी आरशासमोर उभा राहिलो आणि पंखा पाचवर असतानाही घामानं निथळलो. म्हणून बिल्ला काढला आणि टेलरकडून टीशर्टच्या अर्ध्या बाहीला दोन बटणं लावून घेऊन तो तिथं चढवला. या एका निर्णयानं माझं पुढे किती नुकसान केलं ते येईलच.

आईनं टोपी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. “लहानपणी तुला अस्संच टोपडं घालायची मी. दृष्ट लागायची फार.” एकेकाळी लागायची, असा त्याचा अर्थ. बायकोनं टोपी हातात घेऊन उलटसुलट केली. काठ ओढून पाहिला. “कुठे घालायची ही?”

“टेरेसवर. म्हणजे इंग्लंडात...”

“चांगली आहे. बिबड्या घालताना डोळ्यांवर ऊन येतं माझ्या.”

मी टोपी काढून घेतली.

खान्देशच्या डोक्यांनी टोपी काही पाहिलीच नाही असं नाही, उलट फार पाहिली आहे. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, धनाजी नाना चौधरींसारख्यांनी राबून उभं केलेलं, आणि मांडव-कमानी नंदलाल बोस यांनी बांबूंच्या. आमचे आजोबा चालत गेले होते. नेहरू काय बोलले ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही, पण टोप्यांचं वर्णन ते रंगून करायचे. नजर पोचेल तिथपर्यंत पांढऱ्या टोप्या. त्या टोपीचा साहेबाला राग होता. सरकारी नोकरांनी ती घालू नये म्हणून फतवे निघत. खुद्द गांधीजींनी ती जेमतेम दोनेक वर्षं घातली आणि 1921 मध्ये पंचा धरला, पण देशानं ती ठेवून घेतली. त्यामागेही हिशेब पोटाचाच होता, सूत कातणाऱ्याच्या आणि विणणाऱ्याच्या पोटाचा. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी इंग्लंडच्या राणीला जे दंड लावून जमलं नाही, ते इथं साहेबानं मनाई करून घडवून आणलं.

पुढे ती टोपी आहेरात गेली. लग्न असो की गंधमुक्ती, आमच्याकडे पुरुषाचा मान टोपी-टॉवेलनंच होतो. या टोपीचं माप कुठल्याही डोक्याला बसत नाही, कारण ती घालण्यासाठी शिवलेलीच नसते. कुंकू लागतं, टोपी डोक्यावर ठेवली जाते, फोटो निघतो, टोपी खिशात जाते. घरी गेल्यावर कपाटात जाते. पुढच्या लग्नसराईत तीच टोपी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. आमच्या घरातून गेलेली एक टोपी, आत शाईचा डाग असलेली, पारोळ्याच्या एका कार्यात मला परत मिळाली होती. मी तिला ओळखलं. देणाऱ्यानंही ओळखलं असावं.

तर मे महिन्यात धुळ्याला लग्न निघालं. बायकोच्या चुलतभावाची मुलगी. म्हणजे सासरवाडी, म्हणजे मी तिथं जावई. कोरोनामुळे दोन उन्हाळे लग्नं अंगणात उरकली होती. या वर्षी सगळ्यांनी उट्टं काढलेलं. बायको आईला घेऊन आदल्या दिवशीच हळदीला गेली. मी शाळेतली निकालपत्रं संपवून दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला टीशर्ट, बाहीवर होकायंत्र, डोक्यावर बकेट हॅट. एरंडोलपर्यंत शेजारच्या बाबांनी काही विचारलं नाही. एरंडोल सुटल्यावर म्हणाले, “मलेरियावाले का?”

नाही म्हणालो.

पारोळ्याला उतरताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. “डोक्यावर काय घालेल शे, भाऊ? काढी टाका. वारा लागू द्या.”

धुळ्याला लॉन्सच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा चार-साडेचार वाजले होते. गोरज मुहूर्ताला वेळ होता. फाटकाशी कडुनिंबाची सावली होती, तिथं घाम पुसत थांबलो. तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. काच खाली. “कुठे लावू?”

भूगोलाच्या मास्तराला दिशा विचारली की तोंडातून उत्तर निघून जातं. “पश्चिमेच्या भिंतीला लावा, पाचनंतर तिथं सावली येईल.” त्यानं लावली. मागून दुसरी आली, तिसरी आली. कुणी विचारलंच नाही की हा कोण. टोपी होती, बाहीवर बिल्ला होता, बटण गळ्यापर्यंत होतं; सिक्युरिटीवाला यापेक्षा वेगळा कसा दिसतो? एकानं किल्लीच माझ्या हातात दिली. एकानं मागे घेताना बंपर भिंतीला घासला आणि “लक्ष कुठे असतं तुमचं?” असं मला विचारलं. मी “सॉरी” म्हणालो. का म्हणालो ते मला अजून समजलेलं नाही. शेवटी नवरदेवाच्या मामांची गाडी आली आणि मी ती हातवारे करून मागे घेत असताना माझे साडू बाहेर आले.

“अरे जावईबापू! तुम्ही इथं काय करू राहिले?”

गाडीतल्या मामांनी काच वर घेतली.

मुहूर्ताला मी मांडवात पुढेच होतो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्यातला इंग्रज जागा झाला. तिकडे मान द्यायचा तर टोपी काढतात. आपल्याकडे मान द्यायचा तर डोकं झाकतात. हे मला माहीत होतं, पण हात आधी वर गेला. टोपी काढून, उलटी करून, अदबीनं पोटाशी धरून उभा राहिलो. अक्षता वाटणाऱ्या पोरानं एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताटातल्या उरलेल्या सगळ्या अक्षता तीत ओतल्या. काम संपलं म्हणून निघूनही गेला. मग आजूबाजूचे लोक येऊन मुठी भरून घेऊ लागले. प्रत्येक ‘सावधान’ला दहा-बारा हात माझ्या टोपीत. नायलॉन ओलं असल्यामुळे हळद-कुंकवाचा रंग काठावर उतरला. शेवटचं मंगलाष्टक झालं, वाजंत्री सुरू झाली, माणसं पांगली, आणि मी अजून टोपी उलटी धरून उभा होतो, तेव्हा एका आजींनी तीत दहाची नोट टाकली आणि मला नमस्कार केला.

मानपानाला सासरेबुवांचे थोरले भाऊ आले. वय ऐंशीच्या वर, धोतर, डोक्यावर कडक टोपी. तिच्या घडीनं आंबा कापता आला असता. त्यांनी मला कुंकू लावलं आणि आहेराची टोपी उचलली. पण माझ्या डोक्यावर तोवर पुन्हा बकेट हॅट चढलेली, कारण दहाची नोट खिशात ठेवून, दाणे झटकून मी ती घातली होती. त्यांनी थोडा विचार केला. वयोवृद्ध माणूस, पद्धत मोडायची नाही. त्यांनी ती पांढरी टोपी बकेट हॅटच्यावर ठेवली. फोटोग्राफरनं तो फोटो काढला. तो अल्बममध्ये आहे, पानभर मोठा. मला तो अजून कुणी ना कुणी दाखवतं.

बायकोनं येऊन, काही न बोलता, खालची काढून घेतली आणि वरची नीट बसवली. आणि खरं सांगतो, त्या उकाड्यात डोक्यावर सुती कापड आल्याबरोबर जीव थंड झाला. वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी चेपताना, निरोप घेताना, शेवटच्या बसमधून परतताना मी ती टोपी काढली नाही. फुकट मिळालेली, माप न बसणारी ती टोपी त्या पूर्ण पोशाखातली एकमेव कामाची वस्तू होती.

शहाण्यानं इथं थांबायला हवं होतं. पण 28 मेला पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल होती, लिव्हरपूल विरुद्ध रिआल माद्रिद. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला. एका माजी विद्यार्थ्याच्या गाळ्यात प्रोजेक्टर होता आणि एसी होता. एसी आहे म्हटल्यावर मी कपाटातून जॅकेट काढलं. बिल्ला पुन्हा त्याच्या जागी लावला. टोपी धुऊन घेतली होती. कुंकवाचा काठ फिका झाला होता, पण गेला नव्हता. आम्ही प्रेक्षक मूठभरच. जळगावातले सगळे लिव्हरपूलवाले आले होते, असं म्हणायला हरकत नाही.

सामना सुरूच होईना. 36 मिनिटं उशीर झाला. पडद्यावर दिसत होतं की मैदानाबाहेर लिव्हरपूलचे लोक फाटकांशी अडकलेत आणि पोलिस अश्रुधूर सोडतायत. आधी सांगण्यात आलं, लोक उशिरा आले. पुढच्या वर्षी चौकशी अहवाल आला, त्यात मुख्य दोष आयोजक यूएफाचा निघाला. त्या गाळ्यात मात्र आम्ही आयोजकांना त्याच रात्री दोषी ठरवलं होतं. विनिसियसनं एक गोल केला, कुर्त्वानं गोलात उभं राहून आमचं सगळं अडवलं. हरलो. शटर ओढून बाहेर पडलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

जॅकेट काढून हातात घ्यावं हे मला सुचलं नाही. हरल्यावर माणूस मान खाली घालून चालतो. टोपीचा काठ डोळ्यांवर. दोन गल्ल्या कुत्री मागे आली. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल येऊन आडवी झाली. गस्तीवरचे दोन हवालदार.

“कुठून?”

“मॅच बघून.”

“कोणती मॅच? आयपीएलची फायनल तर आज रात्री आहे.”

खरंच होती. गुजरात आणि राजस्थान, अहमदाबादला. मी लिव्हरपूल म्हणालो, पॅरिस म्हणालो. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “टोपी काढा.” काढली. टॉर्च तोंडावर आला आणि मग लगेच खाली गेला.

“अरे, सर तुम्ही? दहावीला भूगोलाला तुम्हीच होते आम्हाला. मान्सूनचे वारे.” आणि मग फार हळू, फार काळजीनं, “सर, एवढ्या उकाड्यात जॅकेट? तब्येत बरी आहे ना? घरी माहीत आहे का?”

मला घरापर्यंत सोडायला दोघं आले, एक गाडी हळू चालवत आणि एक पायी, माझ्या दोन्ही बाजूंनी. दुधवाला तेव्हाच निघाला होता. त्यामुळे सकाळी सातपर्यंत कॉलनीत बातमी पोचलेली होती की सरांना पोलिसांनी आणून सोडलं.

त्या दिवशी दुपारी पडल्यापडल्या मला त्या लिव्हरपूलच्या पोरांची युक्ती उलगडली. ती कपड्यांत नव्हतीच. रंग टाकून द्यायचा, टेनिसवाल्याचा टीशर्ट घालायचा आणि परक्या शहराच्या स्टेशनवर उतरायचं, जिथं तुमच्या बापाचं नाव कुणाला ठाऊक नाही. तिथं टोपीचा काठ खाली ओढला की माणूस दिसेनासा होतो. जळगावात काठ खाली ओढला की आत कोण आहे ते बघायला चार माणसं वाकतात. कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठापेठांची खरी फुटबॉलची खुन्नस असते, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. तो म्हणाला, “आमच्यात लपायचं कसं सर? झेंडाच आम्ही धरलेला असतोय.” महाराष्ट्रात स्टँड आहे तिथं लपायचं नसतं, आणि आमच्या खान्देशात लपायचं म्हटलं तरी लपता येत नाही.

नोव्हेंबरात कतारला वर्ल्ड कप झाला. वेल्सच्या लोकांची लाल-पिवळी-हिरवी बकेट हॅट तिकडे राष्ट्रीय पोशाखासारखी झालेली आहे. पहिल्याच सामन्याला वेल्सच्या काही बायकांच्या इंद्रधनुषी टोप्या फाटकावर काढून घेतल्या, त्यांत संघाची माजी कर्णधारही होती. भाच्यानं मला ती बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मामा, एकटे तुम्हीच नाही.’ त्या बायकांच्या टोपीमागे समलिंगींच्या हक्कांबद्दल काहीतरी म्हणणं होतं. माझ्या टोपीमागे नव्हतं. पण धीर आला.

आणि डिसेंबरात धुळ्याला गेलो होतो. धुळ्याची थंडी बाहेरच्यांना माहीत नसते. पारा पाच-सहापर्यंत उतरतो. पहाटे सासरेबुवांबरोबर फिरायला निघालो आणि रस्त्यावर जे पाहिलं, त्यानं थक्क झालो. धुक्यातून माणसांचे घोळके येत होते. तोंडं झाकलेली, फक्त डोळे दिसतायत, हातात काठ्या, कुणाच्या पायात खेळायचे बूट, कुणाच्या अंगात मुलाचं जुनं जॅकेट. माकडटोप्या! 1854 च्या लढाईवरून क्रिमियातल्या बालाक्लावा गावाचं नाव मिळालेली हीच टोपी घालून इंग्लंडातले टगे तोंड लपवतात. त्यांच्यातला भलाभला गडी पहाटे साडेपाचला त्या रस्त्यावर आणून सोडला असता तर सरळ नाशिकची बस पकडून पळाला असता. आणि गंमत म्हणजे त्या झाकलेल्या तोंडांतून प्रत्येक जण प्रत्येकाला नावानं हाक मारत होता.

तेव्हा माझा निवाडा असा. खान्देशात मार्च ते जून सुती पांढरी टोपी, डिसेंबर-जानेवारीत माकडटोपी आणि बाकीच्या महिन्यांत स्वतःचे केस, असतील तर. बकेट हॅट बायकोकडे आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर बिबड्या घालताना ती रोज वापरते, डोळ्यांवर ऊन येत नाही म्हणते. जॅकेट मात्र विकायचं आहे. गडद निळं, मोठं माप, बिल्ल्यासकट, बाहेर एकदाच घातलेलं, तेही रात्री. धुळ्याच्या गिऱ्हाईकाला आधी देईन, गरज त्याला आहे. अंगात घालून बघायचं असेल तर दिवाळीनंतर या. उन्हाळ्यात आलात तर सकाळी आठच्या आत या, आणि कांदा बरोबर ठेवा.